बारा तासांची एकच हजेरी

"बारा तास की चोवीस?" घरी पेशंट सांभाळायला बाई हवी म्हणून नाशिकमध्ये ब्युरोला फोन केला की पलीकडून बहुधा हाच प्रश्न आधी येतो. पेशंटचं वजन किती, नाकात नळी आहे का, लघवीची पिशवी लावलीय का, कूस स्वतःहून बदलता येते का, हे नंतर विचारलं जातं, पुष्कळदा विचारलंच जात नाही. आठ तास हा पर्याय तर या व्यवहारात जवळपास नाहीच. सातपूरच्या कारखान्यात, बँकेत, महापालिकेत आठ तासांची पाळी गृहीत धरलेली असते. कॉलेज रोडवरच्या किंवा इंदिरानगरमधल्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बाईला मात्र ती लागू नाही. तिला कामगार म्हणायचीही आपल्याला सवय नाही. ती 'मावशी' असते. हाक प्रेमाची आहे, पण तिच्याआड एक अख्खा व्यवसाय झाकला गेला आहे.

2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 8.6 टक्के होती, महाराष्ट्रात 9.9 टक्के. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आणि मागे दोघं म्हातारी, ही नाशिकच्या जुन्या सोसायट्यांची नेहमीची अवस्था. मागणी वाढतेच आहे. मागणी वाढली की मोबदला वाढतो हा बाजाराचा नियम इथे का चालत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं: एक तासांच्या हिशेबात, दुसरं बढतीच्या पायऱ्यांच्या अभावात.

आधी काम काय आहे ते नीट पाहू, कारण "त्यात काय, बसून तर राहायचं" हे वाक्य पगाराच्या प्रत्येक बोलणीत येतं.

नाकातल्या नळीतून फीड देणं घ्या. पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं. नळीवरची खूण नाकपुडीशीच आहे ना ते बघायचं. सिरिंजने हलकं ओढून नळी पोटातच आहे का आणि मागचं फीड किती शिल्लक आहे ते पाहायचं. मग साधारण 30 मिली पाणी, त्यामागून 200 मिलीच्या आसपास गाळलेलं पातळ फीड. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, वरून ओतायचं आणि फीडला आपल्या वजनानं उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी चोंदते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास पेशंटला आडवं करायचं नाही. दट्ट्यानं ढकललं तर हेच काम पाच मिनिटांत उरकतं. आणि ते तसं उरकलं जातं ते रात्री अकराच्या फीडला, कारण देणारी बाई सकाळपासून उभी असते. घाईनं गेलेलं फीड उलटून वर येतं, श्वासनलिकेत जातं, दोन दिवसांत ताप आणि न्यूमोनिया. नातेवाईक म्हणतात, वय झालं होतं. तीच बाई आठ तासांनी घरी गेली असती तर ते फीड पंधरा मिनिटांत गेलं असतं.

कूस बदलण्याचंही तसंच. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं. माकडहाड, टाच, खुब्याचं हाड या जागा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर जखमेची ती पहिली पायरी. हवेची गादी आहे म्हणून वळवायचं थांबवलं, की जखम होणारच. आता हिशेब करा. दोन तासांनी एकदा म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. 'चोवीस तासांची ड्यूटी' करणाऱ्या बाईने हे बारा वेळा करायचं आणि मधेच झोपायचंही. हे कोणत्याही एका माणसाला महिनाभर जमणारं नाही. म्हणून रात्री दोनची आणि चारची पाळी गळते, आणि जखम नेमकी पाठीवर उमलते. दोष बाईवर येतो. तो खरं तर ड्यूटीच्या आखणीचा आहे.

अर्धांगवायूच्या पेशंटला खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला लावायची. दुबळ्या हाताला धरून ओढलं तर खांदा निखळतो. सदरा घालताना आधी दुबळा हात, काढताना तो शेवटी. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पेशंटला वळवतानाही. डायबेटिसच्या पेशंटला अचानक घाम सुटला, बडबड सुरू झाली तर साखर तपासायची. 70 च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. या शेवटच्या वाक्यावर जीव अवलंबून असतो आणि ते शिकवणारं कोणी नसतं. ती एका घरातून दुसऱ्या घरात, चुकत-माकत शिकते. पाच वर्षांनी ती खरोखर तरबेज होते आणि दर तिचा तोच राहतो, काल आलेल्या मुलीचा असतो तोच.

आता पैशाचं. दर घरागणिक आणि ब्युरोगणिक बदलतात, म्हणून समजुतीसाठी एक आकडा धरू. समजा कुटुंब बारा तासांच्या ड्यूटीचे महिन्याला 18,000 देतं. ब्युरोने त्यातले वीस टक्के ठेवले तर 3,600 गेले, तिच्या हातात 14,400. तीस दिवसांची ड्यूटी, म्हणजे दिवसाला 480. ऐकायला बरं वाटतं. पण कायद्याचं तत्त्व असं, की नेहमीच्या पाळीच्या वरच्या तासांना दुप्पट दर. आठ तासांची एक हजेरी धरली तर वरचे चार तास दुपटीने आणखी आठ तासांइतके होतात. म्हणजे बारा तासांची ड्यूटी ही पगाराच्या भाषेत दोन हजेऱ्या आहे. 480 चे दोन भाग करा: आठ तासांचे 240 रुपये. त्यात आठवड्याची सुट्टी नाही, कारण सुट्टी म्हणजे खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जातात. चोवीस तासांच्या ड्यूटीचा हिशेब इथे मांडवतही नाही.

शिवाय या कामात एक खड्डा आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. पेशंट गेला की ड्यूटी त्याच दिवशी संपते. ज्या माणसाला वर्षभर भरवलं-पुसलं त्याचं दुःख एकीकडे आणि दुसऱ्या सकाळपासून बिनपगारी घरी बसणं दुसरीकडे. नवी केस आठवड्यात येईल किंवा महिन्याने. या रिकाम्या दिवसांत उचल घेतली जाते, आणि उचल घेतली की पुढच्या केसला दराबद्दल तोंड उघडता येत नाही. कमी पगाराचं मूळ बरंचसं या उचलीत आहे.

मालक कोण, हा प्रश्न विचारला की तिघंही हात वर करतात. कुटुंब म्हणतं, आम्ही पैसे ब्युरोला देतो. ब्युरो म्हणतो, आम्ही फक्त गाठ घालून देतो. आणि घर ही आस्थापना नव्हे, या जुन्या समजुतीपायी कायदा दारातच अडकतो. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला हे खरं, आणि ते चांगलंच केलं. 2021 च्या टाळेबंदीत नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना 1,500 रुपये मिळाले, पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांना 10,000 रुपयांचं सन्मानधन आहे. पण ते मंडळ मदत वाटतं. पगार ठरवत नाही, वसूल करत नाही, हातात देत नाही. आणि नोंदणीला लागणारा दाखला द्यायला किती घरं तयार होतात, हे या कामातल्या बायकांनाच विचारावं.

सरकारच्या स्वतःच्या शुश्रूषा-व्यवस्थेतही शब्दांचा असाच अडसर आहे. अंगणवाडी 1975 पासून चालते, आशा 2005 पासून. दोघींना मिळतं ते 'मानधन'. वेतन म्हटलं की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सगळं मागोमाग येतं, म्हणून शब्दच वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 च्या निकालात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ द्यावा लागेल असं सांगितलं आणि मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच ठरवलं. तरी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना डिसेंबर 2023 मध्ये संपावर जावं लागलं आणि आशांना 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावं लागलं. वाढ मिळाली, पण ती मैदानात बसून मिळाली. निदान त्यांना एक मैदान आहे, संघटना आहे, समोर एक मालक आहे. फ्लॅटच्या बंद दारामागे एकटी असलेली बाई कोणाच्या मैदानात बसणार?

याचं उत्तर नाशिकला शोधायला लांब जावं लागत नाही. लासलगाव, पिंपळगाव आणि पंचवटीच्या बाजार समित्यांत ते रोज पाठीवर पोती वाहतं.

माथाडी कायदा 1969 चा. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक निश्चित नाही, म्हणून हक्क कोणाकडे मागायचा हे माहीत नाही. आज केअरटेकर बाईची जी अडचण आहे, नेमकी तीच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने तोडगा काढला तो असा: कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजा, उपचार यांची सोय करायची. मालक बदलला तरी कामगाराचं खातं बदलत नाही. 1981 साली हीच पद्धत खासगी सुरक्षा रक्षकांना लागू झाली. म्हणजे सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदारासाठी राज्यात असा कायदा चाळीस वर्षांहून जुना आहे आणि त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर माणूस जगवणाऱ्या बाईसाठी नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे: शुश्रूषा करणाऱ्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ हवं, आणि त्याची सुरुवात नाशिक जिल्ह्यात करावी.

लेव्ही किती बसेल? नियमित कामगारावर मालकाचा जो खर्च असतो तोच धरू. भविष्यनिर्वाह निधी आणि त्याचे आनुषंगिक आकार 13 टक्के, कर्मचारी राज्य विमा 3.25, किमान बोनस 8.33, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81. बेरीज 29.39 टक्के. आठ तास, महिन्याला 26 दिवस, पगार 14,500 धरला तर लेव्हीसह, ब्युरोचा आकार सोडून, कुटुंबाला साधारण 18,760 रुपये पडतील. आज बारा तासांना 18,000 जातात हे वर पाहिलंच. म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांत कुटुंबाला बाराऐवजी आठ तास मिळतील आणि आठवड्याचा एक दिवस स्वतः बघावा लागेल. तिला तासाला 40 ऐवजी सुमारे 70 रुपये पडतील, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळतील, आणि पंधरा वर्षं काम केल्यावर हातात काहीतरी असेल.

हे कुटुंबाला परवडेल का, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला 18,000 सुद्धा जड जातात. पण बारा तासांची मागणी कुठून येते ते बघा. पुष्कळ पेशंटना सतत कोणी जवळ लागत नाही. त्यांना सकाळी दीड-दोन तास लागतात (अंग पुसणं, चादर-डायपर बदलणं, नाश्ता, औषधं, थोडा व्यायाम) आणि संध्याकाळी तेवढेच. बारा तासांखाली बाई मिळत नाही म्हणून बारा तासांची घेतली जाते, आणि मग उरलेल्या वेळात तिला भांडी, कपडे, पाहुण्यांचा चहाही सांगितला जातो. दोन तासांच्या फेऱ्यांची सोय झाली तर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात एक बाई आठ तासांत तीन घरं नीट करू शकेल आणि खर्च तीन घरांत वाटला जाईल. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी: दोन घरांमधला प्रवास कामाच्या तासांतच धरायचा. ब्रिटनमध्ये घरोघर फिरणाऱ्या शुश्रूषा-कर्मचाऱ्यांचा मोठा तक्रारीचा विषय हाच आहे. तास कागदावर आठ, रस्त्यावरचे धरून अकरा, पगार आठचा.

ज्यांना रात्रंदिवस माणूस लागतोच आणि ऐपत नाही, त्यांचा भार सरकारने उचलावा लागेल. जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन. 2012 पासून तिथे संस्थांना विम्याच्या दरावर एक खास वाढ मिळते. ती वाढ कर्मचाऱ्यांच्या पगारातच जायला हवी, आणि ती पूर्ण मिळवायची तर संस्थेकडे बढतीची लेखी चौकट आणि प्रशिक्षणाची योजना लागते. पैसा आणि पायऱ्या एकमेकांना बांधून टाकल्या, हे त्यातलं घेण्यासारखं. आपल्याकडे राज्याची वयोश्री योजना 65 वर्षांपुढच्या पात्र ज्येष्ठांना उपकरणांसाठी एकदा 3,000 रुपये देते. काठी मिळते, काठी हातात देणाऱ्या हाताचा विचार अजून व्हायचा आहे.

मंडळांचे दोषही नाशिककरांना पाठ आहेत. एप्रिल 2024 मध्ये हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादात जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. थकलेली लेव्ही, नावापुरते माथाडी, या तक्रारी आहेतच. सुरक्षा रक्षकांच्या कायद्यात कलम 23 ने एजन्सींना सूट मिळते आणि त्या सुटीतूनच मोठा वर्ग मंडळाबाहेर राहतो. नव्या कायद्यात ही पळवाट ठेवू नये. ब्युरो मात्र राहावेत. रात्री दहाला बाई आली नाही तर बदली माणूस उभा करणं, पोलिस पडताळणी, घर आणि माणूस यांचा मेळ बसवणं, हे काम त्यांना येतं आणि त्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत. फक्त ते तिच्या पगारातून कापू नयेत, कुटुंबाच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसावेत. मूळ आधार कार्ड ठेवून घेणं आणि पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवणं ताबडतोब बंद व्हावं. रिकाम्या दिवसांसाठी गोदी कामगारांच्या मंडळांत हजेरी भत्ता असे. नाव नोंदवून कामासाठी हजर असूनही काम मिळालं नाही तर काही रक्कम. ती कल्पना इथे आणली तर उचलीचा फास सैल होईल.

आता पायऱ्या. अंगणवाडीत बारावी झालेली मदतनीस सेविका होऊ शकते, सेविका मुख्यसेविका होऊ शकते. वाट अरुंद आहे, पण आहे. घरी पेशंट सांभाळणाऱ्या बाईला वाटच नाही. कौशल्य विकासाच्या योजनांतून जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे अभ्यासक्रम चालतात, अनुभवावरून प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. गोम अशी, की प्रमाणपत्र मिळालं म्हणून दर एक रुपयानेही वाढत नाही. मग ते घेण्यासाठी मजुरी कोण बुडवेल? उलट बाजूला, ज्यांच्याकडे एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे शिकलेल्या परिचारिकेची, नोंदणी नाही त्यांना 'सिस्टर' म्हणून पाठवलं जातं, कुटुंब सिस्टरचे पैसे मोजतं आणि बाईला इंजेक्शन द्यायला लावून तिलाच अडचणीत आणलं जातं.

मंडळाने तीन श्रेणी ठरवाव्यात आणि प्रत्येकीला वेगळा दर बांधावा. पहिली, अंग पुसणं, भरवणं, फिरवणं. दुसरी, नळी, पिशवी, कूस, साखर तपासणी हे परीक्षा देऊन येणारी. तिसरी, स्मृतिभ्रंश, शेवटच्या आजारातली सोबत, पक्षाघातानंतरचा व्यायाम यांपैकी एकात तयार झालेली. तिने महिन्यातले काही दिवस नव्या बायकांना शिकवायचं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. दोन श्रेणींत पंधरा-वीस टक्क्यांचं अंतर नसेल तर श्रेणी नुसती कागदावर राहील. परीक्षा लेखी नको. पलंगाशेजारी, हाताने करून दाखवायची. सातवी शिकलेली तरबेज बाई लेखी पेपरात नापास होईल आणि आपण तिला गमावून बसू.

हे शिकवणारं आणि तपासणारं सगळं नाशिकमध्ये आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ. एकाने कौशल्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षक द्यावेत, दुसऱ्याने पेठ-सुरगाणा-हरसूलकडून आलेल्या, शाळा सुटलेल्या बायकांना बारावीच्या तोडीला आणायची वाट द्यावी, कारण एएनएमला बारावी लागते आणि तिथेच दार बंद होतं. ज्या बाईने पाच वर्षं अंथरुणावरची माणसं सांभाळली आहेत तिला वयाची सवलत आणि काही राखीव जागा मिळाल्या तर परिचर्येला आपोआप तयार हात मिळतील.

चोवीस तासांच्या ड्यूटीबद्दल अजून एक. पुरुष पेशंटच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपणं ही अनेक घरांत रीत आहे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरही कामाची जागा धरलं आहे आणि अशा बाईची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे तिला कामावर पाठवण्याआधी सांगणं ब्युरोवर बंधनकारक असावं, आणि रात्री कडी लावता येईल अशी वेगळी जागा नसेल तर निवासी ड्यूटी देऊच नये.

मुंबईत कायदा होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. कामगार उपायुक्तांनी ब्युरोंना बोलावून एक पानी करार सक्तीचा नसला तरी सर्वमान्य करावा: तास, साप्ताहिक सुट्टी, दर, ब्युरोचा वाटा, पेशंटची अवस्था, कोणती कामं तिची नाहीत, आणि पेशंट गेल्यास किमान सात दिवसांचा पगार. पेशंटच्या उशाशी जी वही असते, फीड-लघवी-साखर लिहायची, तिच्या पहिल्या पानावर हा करार चिकटवावा. महापालिकेने दुसऱ्या श्रेणीची पहिली तुकडी घ्यावी, तीस बायकांची, तीस दिवसांची. प्रशिक्षण फुकट ठेवून भागणार नाही. तीस दिवस ड्यूटी बुडते म्हणजे वरच्या हिशेबाने प्रत्येकीचे 14,400 बुडतात, तीस जणींचे 4,32,000. ही रक्कम तुकडीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहिलेली असली पाहिजे, आणि ती आठवड्याला द्यावी, महिन्याच्या शेवटी नाही, कारण ज्यांच्या डोक्यावर उचल आहे त्या महिनाभर थांबू शकत नाहीत आणि दुसऱ्याच आठवड्यात बारा तासांच्या ड्यूटीवर परत जातात.